पाणी किती वाजता येणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गावातल्या बातम्यांच्या अडचणींतून तरुणांना एखादा व्यवसाय उभा करता येईल का, या विषयावर मी बोलावं असं आकाशवाणीच्या मंडळींनी सुचवलं, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. कारण मी आयुष्यात एकच धंदा केला आणि तो चौदा महिन्यांत बुडवला. पुढं शाळेत कारकुनी केली आणि कविता लिहिल्या. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या कवीला धंद्यातलं काय विचारता, असं मी कळवलंही. तिकडून उत्तर आलं, "मग कसा बुडाला तेच सांगा." म्हणून हे धाडस.

१९९६ सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांचा होतो. आमच्या तालुक्याच्या गावातून मी एक साप्ताहिक काढलं. चार पानं, किंमत एक रुपया. अब्बांनी हजसाठी साठवलेल्या पैशांतले बारा हजार रुपये मी उसने घेतले. (ते पुढं पगारातून फेडले आणि अब्बा २००३ साली जाऊन आले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्याच काळजीत राहाल.) पहिल्या पानावर माझा अग्रलेख असायचा. दिल्लीचं सरकार, अमेरिकेचं धोरण, माणुसकीचा ऱ्हास, असले विषय. दुसऱ्या पानावर माझी कविता. तिसऱ्या पानावर मित्रांच्या कविता. चौथ्या पानावर जाहिराती, त्या मिळाल्या तर. नाही मिळाल्या तर पुन्हा कविता.

गावातले एक वकीलसाहेब माझ्यावर मेहेरबान होते. ते म्हणाले, जमिनीच्या व्यवहाराआधी आम्हाला 'जाहीर नोटीस' छापावी लागते, कुणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत कळवावी म्हणून. दर आठवड्याला दोन-तीन नोटिसा तुम्हाला देत जातो. आज तालुक्याची कित्येक साप्ताहिकं या नोटिसांवर आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी यांच्या शुभेच्छांवर जगतात. मी मात्र नाही म्हणालो. सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा छापल्या तर कवितेचं पान जाईल, असं मला वाटलं! निधनवार्ताही मी छापत नव्हतो. आमच्या भागात लोक पेपर उघडला की आधी निधनवार्ता वाचतात, रक्षाविसर्जन कोणत्या वारी आहे ते बघतात, मग बाकीचं जग. हे मला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

अम्मीला मराठी वाचता येत नसे. माझी बहीण तिला अंक वाचून दाखवायची. पहिला अंक अम्मीनं पूर्ण ऐकला, माझी कवितासुद्धा ऐकली, आणि म्हणाली, "अच्छा लिख्या रे. पन पानी कब आता, वो इसमें कां है?"

मी हसलो. चारचौघांत हा किस्सा सांगून लोकांनाही हसवलं.

त्या काळी आमच्या गावात दिवसाआड पाणी यायचं. वेळ ठरलेली नसे. कधी पहाटे चार, कधी दुपारी दोन. मोहल्ल्यातल्या बायका घागरी लावून बसायच्या. मजुरीला जाणारी बाई त्या दिवशी मजुरी बुडवायची. पाणी कधी सुटणार हे गावात खात्रीनं एकाच माणसाला ठाऊक असे, तो म्हणजे चाव्या फिरवणारा. आमच्याकडे त्याला वॉलमन म्हणतात. वॉलमन आणि मी सकाळी एकाच टपरीवर चहा प्यायचो.

१९९७ च्या मे महिन्यात आमच्या बाजूला चार दिवस पाणी आलं नाही. वरच्या पेठेत येत होतं. पहिले दोन दिवस बायका चिडल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, आपलं पाणी मुद्दाम तोडलंय. पेठेत त्याच संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, ते लोक टाकीची चावी फोडायला निघालेत. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या आणि दोन्ही एकाच रात्रीत गावभर झाल्या. चौथ्या दिवशी टाकीपाशी दोन्हीकडची पोरं जमली. दगड पडले. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा डोळा गेला. पेठेतल्या एका पोराचा हात मोडला. दोन दिवस बाजार बंद राहिला.

कारण काय होतं? आमच्या बाजूच्या पंपाची मोटर जळाली होती. पेठेला जुन्या टाकीतून उताराचं पाणी मिळायचं, त्यासाठी मोटर लागत नव्हती. बस्स, एवढंच. आणि श्रोतेहो, हे मला माहीत होतं. मंगळवारी टपरीवर वॉलमन म्हणाला होता, "मोटर गेलीय, रिवाइंडिंगला धाडलीय, शुक्रवारी येईल." माझा अंक बुधवारी निघाला. त्यात ही ओळ नव्हती. ही बातमी असते, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. त्या अंकाच्या पहिल्या पानावर माझी एक कविता होती. कवितेचं नाव होतं 'तहान'.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या पेपरांत आमच्या मोहल्ल्याचं नाव आलं. आमच्या मोहल्ल्याचं नाव तिथं दोनच वेळा येतं. ईदला शिरखुर्म्याच्या फोटोखाली, नाहीतर 'तणावपूर्ण शांतता' या शब्दांच्या शेजारी. त्यात त्या बातमीदारांचा तरी काय दोष म्हणावा? ज्याच्या खिशात खरी बातमी होती तो गावातच बसून यमक जुळवत होता. त्यानंतर माझं साप्ताहिक दोन-तीन महिने चाललं आणि बंद पडलं. कागदवाल्याची उधारी हे बंद पडायचं कारण मी लोकांना सांगत असे. ते खोटं नव्हतं.

आता धंद्याकडे येतो. बातमीचा धंदा म्हटलं की आपल्याला छापखाना, संपादक, अग्रलेख आठवतो. त्याच्या आधी आपल्याकडे दवंडी होती. माझ्या लहानपणी हलगी वाजवत येणारा माणूस चौकात थांबून सांगायचा, अमक्याची म्हैस हरवली आहे, उद्या लस टोचायला डॉक्टर येणार आहेत. ऐकणाऱ्याला पैसे पडत नसत. ज्याची म्हैस हरवली तो पैसे द्यायचा. बातमीचा सगळा हिशेब त्या हलगीत होता.

मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ साली छापखाना काढला. १८१४ साली त्यांनी गुजराती पंचांग छापलं. आधी पंचांग, बरं का, म्हणजे लोकांना रोज लागणारी वस्तू. मग १ जुलै १८२२ रोजी 'मुंबई समाचार' सुरू केलं. त्यात सुरुवातीला काय असायचं? जहाजं कोणती आली, कुणाची नेमणूक झाली, कुठली मालमत्ता विकायला आहे. व्यापाऱ्याला सकाळी उठल्यावर जे कळायला हवं ते. त्या पत्रानं २०२२ साली दोनशे वर्षं पूर्ण केली. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. ते १८४० साली थांबलं. ही तुलना अन्यायाची आहे, हे मला मान्य आहे. बाळशास्त्रींना धंदा करायचाच नव्हता, त्यांना लोक शहाणे करायचे होते, आणि ते कर्ज आपल्यावर अजून आहे. पण व्यवसायाचा धडा हवा असेल तर मर्झबान शेठजींकडेच जावं लागतं. मी 'दर्पण'च्या वाटेनं निघालो होतो. बाळशास्त्रींची विद्वत्ता मात्र माझ्याकडे नव्हती.

पाण्याच्या वेळेचा धंदा करता येतो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि तेही शेजारच्या हुबळी-धारवाडमुळे. तिथं बर्कले विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून 'नेक्स्टड्रॉप' नावाची कंपनी निघाली आणि २०११ च्या सुमारास तिचं काम सुरू झालं. त्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी यायचं आणि लोक आमच्या अम्मीसारखेच ताटकळायचे. या मुलांनी काय केलं? वॉलमनला गाठलं. त्यानं चावी फिरवायच्या वेळी फोन करून कळवायचं, आणि त्या भागातल्या घरांना पाणी यायच्या आधी मोबाइलवर संदेश जायचा. यंत्र नवं नव्हतं, पाणीही वाढलं नव्हतं. एका माणसाच्या डोक्यातली माहिती हजारो घरांत पोचवली, तोच त्यांचा माल.

मग ते बेंगळुरूला गेले. तिथं या सेवेचा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातून निघालेलं चित्र फार उत्साहाचं नव्हतं. वॉलमन दर वेळी कळवतच होता असं नाही. त्याचे त्याचे साहेब, त्याची त्याची कामं. दुसरं त्याहून महत्त्वाचं. संदेश जायचा घरातल्या फोनवर, आणि फोन पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्या खिशात, कामाच्या ठिकाणी. घागर घेऊन थांबलेल्या बाईच्या हातात तो नसायचाच. मी हे वाचलं तेव्हा मला त्या मुलांना हसावंसं वाटलं नाही. निदान त्यांना प्रश्न तरी बरोबर दिसला होता.

इतरही लोक आहेत. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली ग्रामीण बायकांनी 'खबर लहरिया' हे बुंदेली भाषेतलं पत्र सुरू केलं. हातपंप, रेशन, रस्ता, बायकांवरचे अत्याचार, या त्यांच्या बातम्या. आता ते मोबाइलवरच असतं. छत्तीसगडमध्ये २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. फोन लावायचा, आपली बातमी आपल्या बोलीत सांगायची, तपासून ती इतरांना ऐकायला मिळते. लिहिता-वाचता येण्याची अटच नाही. या संस्था सेवाभावातून आणि देणग्यांच्या आधारानं उभ्या राहिल्या, म्हणून त्यांना व्यवसायाचा नमुना म्हणता येत नाही. पण बातमी कुठं सापडते, हे त्यांच्याकडून शिकावं.

एक गंमत सांगतो. आपल्या देशात खासगी एफ.एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या सरकारी धोरणात एक यादी आहे : काय सांगितलं तर ते 'बातमी' धरलं जाणार नाही. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, आणि स्थानिक प्रशासनानं दिलेल्या वीज-पाण्याच्या सूचना. म्हणजे सरकारच्या लेखी पाण्याची वेळ ही बातमी नाही. अम्मीच्या लेखी तेवढीच बातमी आहे. आणि धंद्याची जागा या दोघांच्या मधे मोकळी पडलेली आहे.

ती माझ्या भाचीला दिसली. माझ्या त्याच बहिणीची ही मुलगी, जी अम्मीला अंक वाचून दाखवायची. २०२२ साली बी.कॉम. होऊन घरी बसली होती. तिनं माझ्याकडून मोटरीची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. एक दिवस म्हणाली, "मामू, तुमचं बंद पडलेलं साप्ताहिक मी चालवू का?" मी घाबरलो. ती म्हणाली, "छापणार नाही. बोलणार."

तिनं प्रभागवार व्हॉट्सॲप ग्रुप केले. त्यांत फक्त तीच बोलू शकते, त्यामुळं सुप्रभातची फुलं आणि भांडणं नाहीत. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तीन मिनिटांचा आवाज. पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता. लाइट कुठं जाणार. रेशनचं धान्य उतरलं का. ग्रामीण रुग्णालयात आज बायकांच्या डॉक्टर आहेत का. कोणती एस.टी. रद्द झाली. टोमॅटोचा भाव. कुणाचं निधन झालं, अंत्यविधी किती वाजता, जनाजा कोणत्या मशिदीतून निघणार. पेठेतला अंत्यविधी आणि मोहल्ल्यातला जनाजा एकामागून एक, एकाच आवाजात येतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी फोन खाली ठेवून जरा वेळ बसून राहिलो.

वॉलमनची अडचण तिलाही आली. त्याचा मुलगा आता तेच काम करतो. तो म्हणाला, "साहेब रागावतील." ती मुख्याधिकाऱ्यांना भेटली आणि वेळ कळवायला हरकत नाही असं लेखी आणलं. तरी तो कधी कळवायचा, कधी विसरायचा. मग तिनं प्रत्येक लाइनवर दोन-तीन बायका नेमल्या. नळाला पहिली धार आली की त्यांनी "आलं" एवढंच कळवायचं. त्या बायकांना महिन्याचा रिचार्ज ती भरून देते. म्हणजे बातमी चावीच्या टोकाकडूनही येते आणि नळाच्या टोकाकडूनही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी गल्लीतला किराणा दुकानदार सकाळी आवाज मोठा करून लावतो. त्याचं गिऱ्हाईक वाढलं, तो खूश.

पैशाचं काय? आधी तिनं घरटी वीस रुपये मागून पाहिले. लोक म्हणाले, पाणी आल्याचं सांगायला पैसे? त्यांचंही खरंच होतं. मग ती हलगीवाल्याच्या हिशेबावर आली. ऐकणाऱ्याला फुकट, सांगणाऱ्याला पैसे. ट्रॅक्टरला ड्रायव्हर पाहिजे, खोली भाड्यानं देणे आहे, बकरी ईदसाठी बोकड आहेत, गणपतीची बुकिंग सुरू, शिवणक्लास. ओळीला पन्नास रुपये. महिन्याला अकरा-बारा हजार जमतात, खर्च जाऊन सात-साडेसात उरतात. भांडवलवाल्यांना हसू येईल, पण माझ्या साप्ताहिकाच्या चौदा महिन्यांत उरलं नाही एवढं तिला महिन्यात उरतं. आता ती एक मदतनीस ठेवायच्या विचारात आहे.

हे सगळं गोडच आहे असं नाही. २०२५ च्या डिसेंबरात नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या. एका उमेदवाराचा माणूस घरी आला. रोज सकाळी पाण्याच्या वेळेला जोडून 'भाऊंच्या प्रयत्नांमुळे' एवढे दोन शब्द म्हणायचे, महिन्याचे चाळीस हजार. म्हणजे तिची पाच-सहा महिन्यांची कमाई. ती माझ्याकडे आली. मी तिला २००९ ची विधानसभा निवडणूक सांगितली. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराला बातमीचं रूप कसं दिलं गेलं, पी. साईनाथ यांनी ते कसं उघड केलं, २०१० साली प्रेस कौन्सिलच्या समितीनं त्यावर अहवाल कसा दिला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामू, ते सगळं ठीक. पण उद्या मी 'भाऊंमुळे पाणी आलं' म्हटलं, आणि परवा नाही आलं, तर पेठेतले लोक काय समजतील?"

तिनं त्या माणसाला सांगितलं, जाहिरात घेते, आधी आणि नंतर 'ही जाहिरात आहे' असं म्हणेन, ओळीला पन्नास रुपये. तो निघून गेला. त्यानंतर तीन दिवस वॉलमनचा फोन लागला नाही. का लागला नाही ते मी सांगू शकत नाही. नळाकडच्या बायकांनी ते तीन दिवस भरून काढले.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा एकदा मोटर जळाली. सकाळी सहाला तिनं सांगितलं, मोटर जळाली आहे, दुरुस्तीला गेली आहे, आपल्या बाजूला तीन दिवस पाणी येणार नाही, पेठेत उताराचं पाणी आहे म्हणून तिथं येईल, टँकर अमुक ठिकाणी उभा राहील. दुपारी मी टाकीवरून मुद्दाम चक्कर मारली. कुणीही नव्हतं. एक कुत्रं सावलीत झोपलं होतं. टँकरपाशी बायका भांडत होत्या, पण ते नंबरावरून.

अम्मी आता चौऱ्याऐंशीची आहे. सकाळी सहाला फोन कानाला लावून बसते. परवा सगळं ऐकून झाल्यावर तिनं नातीला विचारलं, "मामू की कविता कब लगाती गे?"

भाची म्हणाली, "लगाती ना, नानी. ओळीला पन्नास रुपये."